अकरा घरांचा एक नंबर

सहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करून मी बेळगावला परत आले तेव्हा आईनं पहिलाच प्रश्न विचारला, "किती दिवस हाईस?" मी म्हटलं, कायमची. तिचा विश्वास बसला नाही. माझी बॅग तिनं न उघडताच पलंगाखाली सरकवली. खरं सांगायचं तर माझाही विश्वास नव्हता. पुण्याच्या कंपनीनं महिनाअखेरपर्यंत माझी जागा राखून ठेवली होती आणि इथं हातात काम एकच होतं, वडगावातल्या एका साडी व्यापाऱ्याचं.

त्यांच्या पेढीवर बिलं आणि जीएसटी एका जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असायचं. कुठल्या विणकराकडं किती सूत गेलं आणि किती साड्या आल्या, हे मात्र अण्णांच्या लाल वहीत. अण्णा तिथले जुने दिवाणजी. वहीच्या जागी मी ओपन सोर्स ईआरपी, म्हणजे धंद्याच्या सगळ्या नोंदी एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवणार होते. त्याला परवान्याचे पैसे लागत नाहीत, आणि आतून उघडून ते हवं तसं बदलता येतं. ते जुन्या सॉफ्टवेअरला जोडलं, की एकदा लिहिलेलं दोन्हीकडं उमटणार होतं.

मालक म्हणाले, "सुताच्या दोन खेपा बघू. जमलं तर वळखीच्या पेढ्या लई हाईत. न्हाय जमलं तर अण्णांची वही हायच."

अडचण नावांची होती. एकाच विणकराचं नाव बिलात एका तऱ्हेनं, वहीत दुसऱ्या तऱ्हेनं. मी शक्कल काढली. नाव सोडा, मोबाईल नंबर जुळवा. नंबर एक तर माणूस एक, खाती आपोआप एकत्र. हे मी अण्णांना जरा तोऱ्यातच सांगितलं.

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुझ्या यंत्राला गल्ली ठावं हाय व्हय गं?"

यंत्राला गल्लीची गरज नसते, असं मी ताडकन सांगितलं. माझी जीभ नेहमीच डोक्याच्या आधी धावते.

पहिल्या खेपेला यंत्रानं छापलेली यादी घेऊन टेम्पो सकाळीच गेला. दहा वाजता मालकांचा फोन आला, ताबडतोब गल्लीत जा. मी स्कूटर काढली. गल्लीच्या तोंडाशी पोचले तर मागांचा आवाजच नव्हता. वडगावात भर सकाळी असली शांतता फक्त कुणी गेल्यावर असते.

टोकाच्या घरासमोर ताण्याचं, म्हणजे उभं सूत गुंडाळलेले लोखंडी रूळ, बीम, रांगेनं उतरवलेले होते, अकरा घरांचे. उंबऱ्यावर एक आक्का सुताच्या कांड्या भरत बसली होती. भोवती विणकर उभे होते, कुणी हसत होतं, कुणी चिडलेलं.

"एवढं सूत मला कशाला गं?" आक्का म्हणाली. "माझे माग बंद पडून दोन वर्सं झाली."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माग चालू असताना फोन ऐकू येत नाही. म्हणून अख्खी गल्ली आक्काचाच नंबर देते. ती फोन उचलते आणि दारोदार जाऊन निरोप सांगते. माझ्या जोडणीनं अकरा घरांची एकच आक्का करून टाकली होती. आणि मी कोण? इथल्याच शहापूरच्या विणकराची मुलगी! लहानपणी आमच्या घरचा नंबर म्हणून शेजारच्या काकूंचाच द्यायचे. सहा वर्षांत तेवढंही विसरले, या लाजेनं मला रडू फुटलं.

"रडतीस काय? हात लाव," म्हणून आक्कानं बीमकडं बोट केलं. यादीबिदी न बघता, नुसत्या सुताच्या रंगावरून, कुठला बीम कुणाच्या मागावर चढायचा ते तिनं सांगितलं. जेवणवेळेपर्यंत एकेक माग खडखडायला लागला.

अण्णा मागोमाग आले होते. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," एवढं बोलून ते माझ्याशेजारी पायरीवर बसले. मग हळूच म्हणाले, "वीजबिलावरचा नंबर धर की. मीटर ज्याचा त्याचाच असतोय." मला ते सुचलंच नव्हतं. मी तिथंच लॅपटॉप उघडला, माणूस ओळखायला मीटरचा नंबर लावला आणि मोबाईलसाठी वेगळा रकाना केला: 'निरोप कुणाकडं'.

दुसऱ्या खेपेला अण्णांनी प्रत्येक ओळ वहीशी ताडून पाहिली. सगळे बीम आपापल्या दारात उतरले होते. मालकांनी शेजारच्या पेढीवर माझं काम सांगितलं. तरी पुण्याला नाही म्हणायचा धीर मला होत नव्हता.

महिनाअखेरीला मी त्याच गल्लीतल्या एका मागावर विणकराला तयार साड्यांची नोंद कशी करायची ते शिकवत होते. फोन पिशवीत वाजून वाजून थकला असणार. मी न उचलल्यास म्हणून आईला आक्काचा नंबर देऊन ठेवला होता. थोड्या वेळानं आक्का आत आली आणि माझ्या कानाशी ओरडली, "तुझ्या आईचा फोन आलता! पुण्याची गाडी कवाची हाय म्हणून इचारत हुती!"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगायचं? पोरगी हितंच हाय म्हटलं, कामात हाय!"

संध्याकाळी घरी गेले तर पलंगाखाली बॅग नव्हती. आईनं माझे कपडे घड्या घालून तिच्या कपाटात लावले होते.