जागा रिकामी करा, असा मेसेज मीच टाकला होता

सोमवारी आमच्या अंबरनाथ एमआयडीसीतल्या ऑफिसात जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाहीये. कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून इथे लिहितोय...

पंप आणि व्हॉल्व्हचे भाग कारखान्यात बनण्याआधी आम्ही त्यांची चाचणी कॉम्प्युटरवर घेतो. त्यासाठी बरेच कॉम्प्युटर एकत्र जोडलेला क्लस्टर आहे, आणि सगळ्यांच्या फायली एकाच सामायिक डिस्कवर असतात. ती डिस्क सांभाळणं हे माझं काम.

प्रत्येकाला ठरावीक जागा आखून द्या, असं आमच्या प्रोजेक्ट हेड सरांना मी किती वेळा म्हटलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं, एका घरात वाटण्या कशाला? ऐकायला बरं वाटतं... पण आमच्या बदलापूरला पाणी यायच्या दिवशी चाळीत काय होतं ते मी पाहिलंय. ज्याची पिंपं जास्त, त्याचंच घर भरतं.

तर गेल्या आठवड्यात डिस्क काठोकाठ भरली. मी ग्रुपवर मेसेज टाकला, की जुन्या फायली आजच उडवा, नाहीतर सगळ्यांचीच कामं अडकतील. अशा मेसेजची आमच्याकडे एक रीत आहे. पटापट सगळ्यांचे 'डन सर' येतात, अंगठे येतात, आणि एक फाइलसुद्धा हलत नाही. मग मीच कुणाकुणाच्या हातापाया पडून थोडी जागा काढतो.

ही रीत प्रणालीला कुणी सांगितली नव्हती. शिरगावची मुलगी, नवीनच लागलेली, अजून प्रोबेशनवर. तिने खरंच बसून आपलं फोल्डर साफ केलं. रिपोर्ट कस्टमरला गेलाय, मग चाचणीच्या मूळ फायली कशाला अडवून ठेवायच्या, असा तिचा सरळ विचार. त्या डिस्कचा बॅकअप नसतो, तिथून गेलं ते गेलंच. मला जागा झालेली दिसली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला...

सोमवारी कस्टमरने नेमक्या त्याच मूळ फायली मागितल्या. सरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. डिलीट करायच्या आधी विचारायची अक्कल नाही का म्हणाले, आणि तिचं कन्फर्मेशन तिथल्या तिथे पुढे ढकललं. मेसेज माझा होता, असं मी मध्येच म्हटलं. कुणी मनावर घेतलं नाही. 'डन सर' लिहिणारे सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते.

आता तिची चाचणी पुन्हा पहिल्यापासून चालवायची, म्हणून जागा शोधायला गेलो... तर तिने मोकळी केलेली जागा शनिवार-रविवारीच भरली होती. सरांच्या फोल्डरने. जुन्या मशीनवरून आणून टाकलेल्या, केव्हाच बंद पडलेल्या एका प्रोजेक्टच्या कॉपीवर कॉपी. 'फायनल', 'फायनल न्यू', 'फायनल खरं'.

हे काढू का विचारलं, तर म्हणाले, "छोड ना यार, लागतं कधी कधी."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण घराचा हप्ता आहे. माझ्या स्वतःच्या फायली उडवून तिच्या चाचणीला जागा करून दिली.

संध्याकाळी स्टेशनला जाताना शेअर रिक्षात प्रणाली शेजारीच होती. मला वाटलं रडेल. रडली नाही. बाहेर बघत इतकंच म्हणाली, "दादा, तो मेसेज सगळ्यांना होता ना?"

मी हो म्हटलं.

आज डिस्क परत भरत आलीये. मेसेज टाइप करून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही. या वेळी प्रणालीने तो वाचून सोडून द्यावा, असं मला मनापासून वाटतंय. डिस्क सांभाळायचा पगार घेणाऱ्या माणसाला असं वाटावं, यातच सगळं आलं.