वर बघणारे उंदीर

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मी तीस वर्षं उंदीर करतो. गणपती दुसरे करतात. मला उंदीर दिलेत, कारण उंदराचं काय बिघडलं तर कोण तक्रार करत नाय. तरुणपणी एकदा शेठने डोळे आखायला बसवलं होतं. मी अशी आखणी केली की बाप्पाचा एक डोळा पेणला बघत होता आणि दुसरा रोह्याला. त्या दिवसापासून डोळ्यांना हात लावायचा नाय, असं ठरलं. शेठने ठरवलं, आणि मी पण लगेच कबूल केलं. शाळेचं पण तसंच. चौथीत दोनदा बसलो, मग मास्तर आणि मी दोघांनी मिळून शाळा सोडली. ते बदली होऊन गेले, मी चालत गेलो.

मला एक गोष्ट बरी जमते, ती म्हणजे लोकांना हसवणं. त्यानेच वाट लावली.

आमची एकच पोरगी. रोह्याला केमिकल कंपनीत लॅबला हाय, शिफ्ट असते, तिथेच खोली घेऊन राहते. तिला एका खेळाचा नाद. टेबलावर खेळायचा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, आणि कोण वाचलं कोण मेलं ते फासा ठरवतो. फासा पण वीस बाजूंचा. त्या माणसांच्या आणि राक्षसांच्या अंगठ्याच्या पेराएवढ्या मूर्ती असतात. ती स्वतः रंगवते, चार केसांच्या ब्रशने. चपलांच्या खोक्यात कापसात ठेवलेल्या असायच्या.

कोलाडची माणसं तिला बघायला आली होती. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या बापाने विचारलं, पोरीला आवड कशाची. आता ह्याचं उत्तर तिने द्यायचं. पण समोर सात माणसं बसलेली, सगळी माझ्याकडे बघतायत, मग मला राहवतंय काय. मी बोललो, सव्वीस वर्षांची झाली, अजून बाहुल्या खेळते. हसले सगळे. हसले म्हणून मी आत जाऊन खोकं आणलं. त्यातली एक तलवारवाली बाई काढून मुलाच्या पोह्यांच्या ताटलीत उभी केली आणि बोललो, ही आमच्याकडची करवली, हिला पण वाढा. अजून हसले. बाई पोह्यात आडवी झाली आणि तिची तलवार मोडली. ती सुईच्या टोकाएवढी, पोह्यात कुठे सापडणार. तरी पोरीने सगळ्यांसमोर ताटली चाळून ती शोधली.

दुपारच्या गाडीने ती रोह्याला गेली. कोलाडवाल्यांचा होकार आला, तिचा नकार. आईला बोलली, हसणारी माणसं वाईट नाय, पण मला त्यांच्यात नाय जायचं. मला काय बोलली नाय. त्यानंतर मला काहीच बोलली नाय. फोन यायचा तो आईच्या फोनवर. बायको स्पीकर लावायची, मी बाजूला बसून ऐकायचो. जेवण काय केलंस, शिफ्ट कुठली, पाणी येतं काय. मी खोकलो तरी पोरगी आवाज बारीक करायची. दिवाळी गेली, शिमगा गेला, ती घरी आली नाय. पेण ते रोहा किती लांब. लोक तेवढ्यासाठी डबा पण घेत नाय बरोबर.

मग एका संध्याकाळी ती आईला बोलली की त्यांच्या गोष्टीत आता उंदरांची झुंड हवी, आणि तयार मिळतात ते धड नाय. झुंड म्हणजे एका चकतीवर वीस-पंचवीस उंदीर, आणि खेळात ते सगळे मिळून एकच जनावर धरायचं. बायको बोलली, "अगो, घरात उंदीरवाला बसलाय ना." पलीकडे तिने नळ सोडला, बंद केला. मग ती बोलली, "कर म्हणावं. पण नुसते उंदीर पाठव बोल. बरोबर काय बोलणं नको."

दुसऱ्या दिवशी मी जुन्या चपलेच्या रबराच्या चकत्या कापल्या. शाडूत थोडी पुट्टी मळली, नायतर बारीक काम तडकतं. जळलेल्या पंख्यातली तांब्याची तार काढून शेपट्या केल्या. एकेक उंदीर वालाच्या दाण्याएवढा. तीन चकत्या भरल्या. एवढं चांगलं काम मी कारखान्यात कधी केलं नाय, शेठने बघितलं असतं तर रागावला असता. पाचव्या दिवशी सकाळी रोह्याला जाणाऱ्या एकाबरोबर डबा दिला.

रात्रीच्या जेवणाआधी बायकोच्या फोनवर मेसेज आला. तिने वाचून दाखवला. "बाबाला सांग, हे चावायला नाय आलेत, आरतीला आलेत."

खाली फोटो. मी बघितला तर खरंच. पंचाहत्तर उंदीर, सगळ्यांची मान वर, सगळ्यांचे हात छातीशी, आणि निम्म्यांच्या हातात मोदक. मोदक मी कधी केले मलाच माहीत नाय. तीस वर्षं जो उंदीर केला तो बाप्पाच्या पायाशी बसणारा, वर बघणारा. बोटांना दुसरा उंदीर ठाऊकच नाय. मी हसलो. मग बायकोला बोललो, परत वाच. पहिला शब्द 'बाबाला' होता.

दुसरी खेप करायला बसलो. मोदक काढणं सोपं होतं, माना काय खाली जाईनात. दाबून खाली केली तर उंदीर झोपल्यासारखा दिसायचा. पुढे करायला गेलो तर बोट आपोआप हनुवटीखाली जायचं आणि वर उचलायचं. चार दिवस गेले. शेवटी मी चकती उलटी करून खाटेच्या फळीला खालून चिकटवली, आणि खाटेखाली उताणा झोपून काम केलं. आता माझी बोटं त्यांच्या मते मान वर करत होती, पण चकती सुलटी केली की उंदीर खाली बघणार, वाकलेला, अंगावर येणारा. नाकात माती पडायची, कोपर अवघडायचं. बायको खोलीत आली, खाटेखालून माझे नुसते पाय बघितले आणि बोलली, "गॅरेज काढलंत काय?" मी काय बोललो नाय. बोलायला तोंड उघडलं असतं तर उंदीर पडला असता तोंडात.

ही खेप मी दुसऱ्या कोणाकडे दिली नाय. बायकोने पोरीला विचारलं, ती बोलली सकाळची शिफ्ट सुटली की स्टेशनवर येते. 'खोलीवर या' असं नाय बोलली. मी नवीन शर्ट घातला. उंदीर पोचवायला.

ती आली ती कंपनीच्या कपड्यांतच. वाळलेली वाटली. मला बघून आधी डब्याकडे बघितलं. बाकड्यावर बसून तिने झाकण काढलं, एक चकती तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली, सगळीकडून फिरवली. माझ्याकडे निदान दहा विनोद तयार होते. घशात गर्दी झाली होती त्यांची.

"चावतील," ती बोलली. मग बोलली, "डोळे राहिले."

"डोळे मी नाय करत."

तिला ते लहानपणापासून माहीत होतं. तरी तिने पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं, ओढणीची टाचणी काढली, आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. "कर."

मी टाचणी बुडवली. ती चकती धरून बसली, मी एकेक ठिपका देत गेलो. माझा हात हलायचा तेव्हा ती चकती पण तेवढीच हलवायची, म्हणजे ठिपका जागेवर पडायचा. एकाचे डोळे तरी तिरळे झालेच. मी पुसायला गेलो, तर बोलली, "राहू दे. तो आजारी हाय."

गाडी फलाटाला लागली तेव्हा मी बोललो, "ती तलवार."

"जोडली मी. चीर कोणाला दिसत नाय." डब्याचं झाकण लावता लावता ती बोलली, "मला दिसते."

मी बोललो, "माझं चुकलं." एवढंच बोललो. पुढे काय जोडायला आलं नाय, आणि पहिल्यांदाच जोडावंसं वाटलं नाय. ती बोलली, गाडी सुटेल. घरी कधी येतेस हे विचारायचं राहिलं. गाडीत बसून तेच मनात विचारत बसलो, तर पेण कधी येऊन गेलं कळलं नाय. पुढच्या जित्याला उतरलो.

आठ दिवसांनी संध्याकाळी माझा फोन वाजला. माझा, बायकोचा नाय. मी तो बायकोकडे न्यायला उठलो होतो, सवयच ती. पोरगी बोलली, उंदीर चांगले चालले, दोन माणसं खाल्ली त्यांनी. आता गांधीलमाशांची झुंड हवी, जमेल काय. मी जमेल बोललो.

गांधीलमाशा चौथ्या दिवशी झाल्या. बिस्किटांच्या डब्यात माळ्यावर ठेवल्यात. पंख दुधाच्या पिशवीचे केलेत. दोन-तीन दिवसांनी तिचा फोन येतो, कुठपर्यंत आलं विचारायला. मग कंपनीचं सांगते, खोलीवर पाणी कधी येतं ते सांगते, मी कारखान्याचं सांगतो. घरी येण्याचं ती काढत नाय, मी विचारत नाय. फोन ठेवताना मी सांगतो, पंख अजून वाळायचेत. प्लास्टिकचे पंख. पोरगी केमिकलच्या लॅबला हाय, तिला काय कळत नसेल?

पण परवा पण तिने विचारलं, "अजून ओलेच हायत काय?"

मी बोललो, "व्हय. हवा दमट हाय."