सहा शेंड्यांचा राउटर

मी ऐरोलीला दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, म्हणजे मला नेटमधलं सगळं कळतं, असा आमच्या घरमालक काकांचा समज होता. खरं तर मी फोनवर लोकांची रद्द झालेली तिकिटं निस्तरतो. पण करमाळ्यातून इथं आल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी मला हुशार समजत होतं. मी कशाला तो समज मोडू?

जुईनगरला जुन्या गावात काकांचं चार माळ्यांचं घर आहे. तळमजल्यावर काका-काकी, पहिला माळा पाहुण्यांसाठी, दुसऱ्यावर त्यांचा मुलगा आणि सून, तिसऱ्यावर मी भाडेकरू. सूनबाईंना मी वहिनी म्हणतो. त्यांना नुकतीच घरून करायची नोकरी लागली होती. कंपनी पहिले तीन महिने बघणार, जमलं तर ठेवणार.

"बाला, सगल्यात भारी असंल तो राउटर सांग," काका म्हणाले. "घर मोठं हाय आपलं."

मी दुकानात गेलो आणि ज्याला सगळ्यात जास्त शेंड्या होत्या तो निवडला. सहा अँटेना. उलटा पडलेला खेकडाच. काकांनी तो हॉलच्या शोकेसमध्ये, क्रिकेटच्या ट्रॉफ्यांच्या मधोमध, काचेआड ठेवला. आल्यागेल्याला दाखवायचे.

खाली नेट असं धावायचं की काकी एकाच वेळी सिरियल आणि बहिणीचा व्हिडिओ कॉल बघायच्या. दुसऱ्या माळ्यावर वहिनी मीटिंगमध्ये तोंड उघडं ठेवून गोठायच्या.

काच काढली, शेंड्या वाकवल्या, काही नाही. मग ऑफिसातल्या नेटवर्कवाल्या मित्राला विचारलं. त्यानं पहिलाच प्रश्न केला, "स्लॅब कसलाय?"

काकांना विचारायची गरजच नव्हती, ते रोज सांगायचे तेच मी त्याला ऐकवलं. "कलंबोलीला लोखंडबाजारात सोता जाऊन सलई आनली. इंजिनेरनं सांगितली त्याच्या दीडपट टाकली. जमीन हालंल, घर नाय हालनार."

"मग सिग्नलपण नाय हालणार," मित्र म्हणाला. "शेंड्यांनी काय होत नाय रे. दोन डब्यांचा राउटर-सेट घे. एक खाली, एक दुसऱ्या माळ्यावर, आणि मधून वायर."

मी काकांना सांगितलं. जिना घराबाहेरून, आणि बाहेरून वायर न्यायची सोय नव्हती. आमच्या गल्लीत केबलवाल्यांचं असं जंजाळ आहे की एकाची वायर जोडताना दुसऱ्याची कापतात. म्हणजे हॉलच्या कोपऱ्यातून वरच्या दोन्ही स्लॅबना भोक पाडायचं.

"येडा हायस काय?" काका उडालेच. "स्लॅबला भोक? सूनबाय खाली येऊन बसंल. हॉल काय परका हाय?"

वहिनी दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घेऊन खाली आल्या.

त्या दिवशी मला सुट्टी होती, त्यामुळे पुढचं डोळ्यांनी बघितलं. मीटिंग चालू, वहिनी बोलतायत, तेवढ्यात लग्नाची पत्रिका घेऊन दोघं जण आले. काकांचा आवाज म्हणजे खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखा. "सूनबाय! पावनं आलं! चा ठेव!"

हे सगळं मीटिंगमध्ये गेलं. पलीकडून कुणीतरी हसलं.

संध्याकाळी सगळे चहाला बसलेले असताना मला राहवलं नाही. मी अख्खी मीटिंग करून दाखवली. वहिनींचं इंग्लिश, मध्येच काकांची आरोळी, मग साहेबाचं नाकातलं "इज एव्हरीथिंग ओके?" काकींच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. काका मांडीवर थापा मारत होते. "आवाज डिट्टो हाय रं माजा!"

वहिनी उठून वर गेल्या.

आमच्या शाळेत नकला केल्या की मार मिळायचा, त्यामुळे कुठं थांबायचं ते मला छडीनं कळायचं. इथं छडी नव्हती. मी जिन्याकडे बघत बसलो.

काका अजून हसतच होते. "मंग? फुडं काय झालं?"

"पुढं काय, काका. वहिनींनी चहा ठेवला."

"मीटिंग?"

"चालूच होती. साहेब विचारत होता आणि त्या आत आधण बघत होत्या. सोमवारी त्यांना मोठ्या साहेबांसमोर बोलायचंय. त्यावर ठरणार म्हणे, ठेवायचं की नाही."

काकांनी कप खाली ठेवला. काकी म्हणाल्या, "मना उठवायचं ना. मी काय मेली व्हती?"

मान वर करून स्लॅबकडे बघितलं. मग म्हणाले, "त्या दोन डब्यांना वायर किती लागंल?"

सेट मीच आणला. या वेळी शेंड्या मोजल्या नाहीत. रविवारी काकांनी स्वतः ड्रिल मशीन धरली. दोन बीट सळईवर आपटून तुटले.

"कोनी टाकली रं एवडी सलई?" ते घामाघूम होऊन ओरडले.

"दीडपट टाकलेल्यानं," मी शिडी धरून म्हणालो.

"गप रं."

तिसऱ्या बीटाला वाट मिळाली, मग पहिल्या माळ्यावरून वरच्या स्लॅबलाही. वायर वर सरकली तशी वहिनींनी ती पलीकडून ओढून घेतली. मी त्यांना सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, "भावजी, नक्कल चांगली होती. तेच वाईट वाटलं."

सोमवारी अकराला मी कामावर निघालो होतो. दुसऱ्या माळ्यावर काका दाराबाहेर उभे. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आतून वहिनींचा आवाज येत होता, एकसारखा, कुठंही न अडखळता. मध्ये एक पुरुषी आवाज घुसला. वहिनी त्याला काहीतरी म्हणाल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

"काय बोल्ली?" काकांनी कुजबुजून विचारलं. त्यांची कुजबुजही पहिल्या माळ्यापर्यंत जाते.

"साहेब मध्ये बोलत होता. वहिनी म्हणाल्या, आधी माझं पूर्ण होऊ द्या."

"सायबाला?"

"साहेबाला."

काका तिथंच पायरीवर बसले. मी त्यांना ओलांडून खाली उतरलो, चपला हातात घेऊन.