गोजरकाकीचं चाकाचं खुराडं

आमच्या गल्लीत टेम्पो शिरला की मी खिडकीत असते. लोक म्हणतात, कुणालीच्या आईला भोचकपणाची सवय आहे. असू दे की. मी बघितलं नसतं तर गोजरकाकीची ही गोष्ट तुम्हाला सांगितली कोणी असती?

त्या दिवशी टेम्पोतून एक भलंमोठं खोकं उतरलं. खोक्यावर चित्र. हिरवं गवत, त्यावर लाकडी बंगला, वर हिरवं छप्पर, खाली दोन चाकं. आणि दारात पांढऱ्या शुभ्र कोंबड्या, जशा काय आत्ताच पार्लरमधून आल्यात. खोकं गेलं शेजारच्या शेखरकडे. शेखर इथे वाशिंदलाच कारखान्यात शिफ्टला जातो. त्याच्या नि माझ्या घरांमध्ये छातीएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे त्याची बाग. बाग म्हणजे दोन जास्वंदी, एक कढीपत्ता नि बाकी गवत.

"काय रे शेखर, ससे पाळतोस काय?" मी भिंतीवरून विचारलं.

"नाय वो काकी. आई येतेय. कोंबड्यांसकट."

आता आई म्हणजे गोजरकाकी. मुरबाडच्या पलीकडे, टोकावड्याच्या बाजूला त्यांचं गाव. नवरा गेल्यापासून तिथे एकटीच. पौषात बांधावरून पाय घसरून पडली, ती ऊन डोक्यावर येईपर्यंत तशीच पडून होती. हाका मारल्या तर ऐकायला होतं कोण? शेवटी शेळ्या राखणाऱ्या एका माणसाने बघितलं म्हणून वाचली. तेव्हापासून शेखर तिच्या मागे लागला, इकडे ये म्हणून. म्हातारी कसली ऐकते! खूप विनवण्या झाल्यावर म्हणाली, "माझ्या कोंबड्या येतील तर मी येईन. नि आखाडापर्यंत बघीन. त्यांना तिथं करमलं नाय, तर मलाबी करमलं नाय असं समज."

म्हणजे बघा, सगळं त्या कोंबड्यांवर. त्या राहिल्या तर आई राहणार. नाय तर परत ते एकटं घर नि तोच बांध. शेखर बिचारा इतका धास्तावला होता की जेवताना पण मोबाइलवर खुराडीच बघायचा. त्याची बायको नम्रता मला म्हणाली, "मला बघायला आला होता तेव्हा एवढं निरखून बघितलं नव्हतं." नम्रता शहापूरला एका दवाखान्यात कामाला आहे. लय टापटिपीची. कोंबड्या घरात नकोत, पडवीत नकोत, बागेत काय ते करा, हे तिनं आधीच सांगून टाकलं होतं. म्हणून तर ते खोकं.

काकी आली ती मोठं डालगं घेऊन. बांबूच्या त्या टोपलीत चार कोंबड्या नि एक कोंबडा. काळी, भुरी, लंगडी नि एक मानउघडी. शेखरने खुराडं जोडून, पुसून, नवरीसारखं सजवून ठेवलं होतं. काकीने पदर खोचला नि सरळ आत मुंडकं घातलं. बराच वेळ मुंडकं आतच. मला भिंतीवरून नुसती पाठ दिसत होती, जीव नुसता वर-खाली. काय बघत असेल?

बाहेर आली नि म्हणाली, "शेखर, घर कधी चाकावर असतं का रे?"

शेखरचं तोंड एवढंसं झालं. मग तिने जाळीतून तीन बोटं आरपार घातली. "हितून मुंगसाचं मुंडकं जाईल. मुंडकं गेलं की मुंगूस गेलाच." मग बसायची काठी हाताने चाचपली. ती गुळगुळीत नि बारकी, पोळपाटावरच्या लाटण्याच्या मुठीएवढी. "हिच्यावर कोंबडी झोपंल कशी? झोपेत बोटं वळवून काठी धरते ती. मनगटाएवढी पाहिजे, सालासकट." आणि अंड्यांचं खोकं वर, काठी खाली. "कोंबडी उंचावर झोपते. ती ह्या खोक्यातच झोपणार, नि अंड्यांवर हगणार."

"आणि हा ट्रे बघ आई," शेखर घाईघाईने म्हणाला. खालचा पत्र्याचा ट्रे ओढून दाखवला. "घाण सगळी ह्यात पडते. ओढायचा, धुवायचा."

काकी फिदीफिदी हसली. "कोंबड्यांना संडास काढलास होय!"

मला वाटलं, आता ते खोकं जाणार परत. पण काकी तशी बाई नाय. दुसऱ्या दिवसापासून करवत, पक्कड, सुतळी घेऊन बसली. आणि मी भिंतीपाशी. कामधाम सोडून. उन्हाळा, माझ्या मसाल्याच्या मिरच्या वाळायच्या होत्या, पण मला त्या खुराड्याचंच लागलं होतं. ही बाई छपराखाली भोकं का पाडते? तर वारा वरून गेला पाहिजे, खालून लागला तर कोंबडी खोकते. जाळी जमिनीत का गाडते, तीही बाहेरच्या बाजूला वाकवून? तर मुंगूस कडेलाच उकरतो, त्याला मागे सरून उकरायची अक्कल नसते. कोपऱ्यात राख नि माती का? अंघोळीला! कोंबडी राखेत अंघोळ करते, हे मी पन्नाशीत ऐकलं. माझ्या घरातली जुनी खिडकीची बारीक जाळी मीच भिंतीवरून दिली. जांभळाची फांदी शेखरने कुठून तरी आणली. अंड्यांचं खोकं खाली आलं, काठी वर गेली. चाकं निघाली, खाली विटा आल्या. वर पेंढा.

"आता फक्त ह्या खोक्याला एक जाडं फडकं पाहिजे," काकी म्हणाली. "अंडं घालताना कोंबडीला आडोसा लागतो. बाईमाणूस आहे ती."

"देते की मी. जुनी चादर आहे."

"नको. बघू. राहायचं ठरलं तर बघू."

तेवढ्यावरून मला कळलं, बाईचं मन अजून एसटीतच बसलंय.

आणि ट्रेचं म्हणाल, तर चार दिवसांत काकी तो ट्रे रोज ओढून धुवायला लागली. मी विचारलं तर म्हणे, "गावी वाकून वाकून कंबर मोडली गो माझी. हे बेस हाय." शेखरला सांगा म्हटलं, तर नाय सांगितलं. पोराला डोक्यावर बसवायचं नाय म्हणे.

आता एवढं सगळं झालं. पण कोंबड्या? संध्याकाळ झाली की पाचही जणं भिंतीवरून उडून माझ्या शेवग्यावर! शेखर पहिल्या दिवसापासून सांगत होता, आठवडाभर आत कोंड म्हणजे सवय होईल, मोबाइलवर तसं लिहिलंय. काकीचं एकच, "कोंबडी काय कैदी हाय?" सकाळी मी मिरच्या पसरायला गेले तर शेवग्याजवळची खाट घाणीने पांढरी. नि तो कोंबडा, तांबडं फुटायच्या आधीच माझ्या उशाशी बांग. मी तणतणत गेले तर काकी मलाच म्हणते, "तुझं झाड लय आवडलंय त्यांना, कुणालीची आय." चोर तो चोर वर शिरजोर! मी बोलले तिला. चांगलं बोलले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाय, पण निदान झाका तरी, असं म्हटलं.

त्याच आठवड्यात काळी गेली. सकाळी शेवग्याखाली पिसं पसरलेली, काळी, हिरवट चमकणारी. उदमांजर असावं, झाडावर चढणारं. मीच पहिली बघितली. तणतणलेलं सगळं आठवलं. काकीला हाक मारली. ती आली, खाली बसली, एकेक पीस उचलून ओच्यात घेतलं. रडली नाय, काय नाय. घरात गेली.

दुपारी मी कालवणाची वाटी घेऊन तिच्याकडे गेले. दारात तिची चेकची कापडी पिशवी भरून उभी. लुगडी, औषधांची डबी, सगळं आत. डालगं बाजूला.

"उद्याची पहिली एसटी," काकी म्हणाली. "शेखर शिफ्टवरून आला की सांगते."

खरं सांगते, मला त्या बाईची सवय झाली होती. मी म्हटलं, "काकी, खुराडं एवढं चांगलं केलंत. मग जात का नाय त्या आत? गावी कशा जायच्या?"

"गावी चुलीला फिरवलेल्या होत्या ना."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? नवी कोंबडी आणली की तिला हातात धरून चुलीभोवती तीन फेऱ्या घालायच्या. मग ती ते घर सोडत नाय. माझ्या सासूने शिकवलं. गावची चूल मधोमध, चारी बाजूंनी फिरता येतं. हितं कशाला फिरवू? गॅस त्या ओट्यावर, ओटा भिंतीला चिकटलेला. आले त्या दिवशीच सगळं घर बघितलं मी. फिरता येईल असं ह्या घरात कायच नाय."

मला हसावं की काय कळेना. एवढे दिवस ही बाई करवत घेऊन खुराड्याशी झटत होती, नि मनात हे! आणि बोलली का नाय? तर सून काय म्हणेल म्हणून.

सून मागे उभी होती. नम्रता. हाफ डे घेऊन आली होती, दारातच सगळं ऐकलं तिने. पर्स टांगली, स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा खडखडाट. सिलिंडर बंद केल्याचा आवाज. मी वाकून बघते तर बाईसाहेब शेगडीची नळी काढतायत! मग दोन बर्नरची ती शेगडी दोन्ही हातांनी उचलून आणली नि हॉलच्या बरोबर मधोमध पाटावर ठेवली. तीच नम्रता, जी हॉलमध्ये चप्पलचा ठसा चालवून घेत नाय.

"घ्या आई. चूल."

काकी बघतच राहिली. "अगो, पेटलेली नाय ती..."

"रोज पेटते ना? तुमच्या पोराचं, माझं पोट भरते ना? मग चूलच ती. आणा कोंबड्या."

मी धावले. मीच धरून आणल्या एकेक, माझ्या झाडाखालून. भुरी, लंगडी, मानउघडी, कोंबडा शेवटी, त्याने माझ्या हातावर चोच पण मारली. काकीने एकेकीला छातीशी धरून शेगडीभोवती तीन फेऱ्या घातल्या, तोंडाने काय तरी पुटपुटत. लंगडीने फरशीवर घाण केली. मी नम्रताकडे बघितलं. तिने फडकं टाकलं वर, बस.

"आता आठ दिवस कोंडायच्या," नम्रता म्हणाली. "तुमचं मी ऐकलं, आता माझं ऐका."

काकीने मान डोलावली. कोंबडा खाली ठेवला नि पिशवीकडे बघितलं. तेवढ्यात नम्रताने तिचं मनगट धरलं.

"आता तुम्ही."

"मी? मी काय कोंबडी हाय काय गो?"

"कोंबडीच. जरा कुठे खुट्ट झालं की निघाली झाडावर. चला."

आणि ओढलंच तिने. म्हातारी पहिली फेरी हसत गेली. दुसऱ्या फेरीला पदर डोळ्याला लागला. तिसऱ्या फेरीला दोघी इतक्या हळू चालत होत्या की मला वाटलं ही फेरी संपूच नये. मी पण रडले. उगीच का लपवू?

संध्याकाळी शेखर दमून आला. हॉलमध्ये शेगडी, फरशीवर पिसं, तिघी बायका बसलेल्या. "आज जेवण?"

"चूल दुसऱ्या कामाला होती," नम्रता म्हणाली. जेवण माझ्याकडून गेलं त्या दिवशी.

पण पिशवी दारातच राहिली, भरलेली. आठवडाभर ती रोज मला भिंतीवरून दिसायची. कोंबड्या आत नि पिशवी बाहेर.

सोडल्या त्या संध्याकाळी आम्ही सगळे बागेत. शेखरने शिफ्ट बदलून घेतली होती. कोंबड्या दिवसभर गवतात हिंडल्या. ऊन उतरलं तशी मानउघडी भिंतीपाशी आली, मान वर करून माझ्या शेवग्याकडे बघायला लागली. काकीने "या, या, या" केलं नाय, काय नाय. नुसती उभी. मानउघडीने काय विचार केला कोण जाणे, वळली नि तुरुतुरु खुराड्यात. मागून भुरी. मग लंगडी. कोंबडा सगळ्यात शेवटी, मालक असल्यासारखा. आत जांभळाच्या फांदीवर एका ओळीत बसले सगळे.

चुलीमुळे बसले की कोंडल्यामुळे? मी अजून ठरवते आहे. शेखर म्हणतो कोंडल्यामुळे, काकी म्हणते चुलीमुळे. नम्रता आपली ट्रे ओढते नि धुते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्रीचा आवाज आला म्हणून मी भिंतीपाशी गेले. काकी खुराड्यापुढे फतकल मारून बसली होती. लुगडी बाजूला घडी करून ठेवलेली. ती चेकची पिशवी तिने शिवणीवरून कापून सपाट केली होती, नि खुराड्यातल्या अंड्यांच्या खोक्यावर पडदा म्हणून लावून बघत होती.

"पिशवी कापलीत काकी?" मी विचारलं.

"आता कुठं लागणार हाय?" ती म्हणाली. "भिंतीवरचा तो हातोडा दे इकडं."