रिकाम्या हातांनी परतणारे साडभाऊ

माझ्या साडभाऊंइतकं कमी सामान घेऊन घराबाहेर पडणारा माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात झाला नाही, आणि हे मी स्मशानात पोचवलेले लोक धरून सांगतो. त्यांच्यासोबत निदान एक मडकं तरी असतं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे साडू; तेही मला साडभाऊच म्हणतात. सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांनी उभी हयात सिमेंट, गिट्टी आणि लोखंडाच्या वजनात घालवली. निवृत्त झाल्यावर त्या सगळ्या वजनाचा सूड उगवायचा असल्यासारखी त्यांनी पातळ चाकांची, खाली वळलेल्या हॅन्डलची एक रोड बाईक घेतली आणि मंडला, पचमढी, अमरकंटक असे एकटेच भटकू लागले. सायकल हलकी होतीच. सामान तिच्याहून हलकं असावं यासाठी त्यांनी घरादाराला जो जाच केला, त्याचा मी साक्षीदार आहे.

टूथब्रशची दांडी त्यांनी करवतीने अर्धी केली. शर्टांच्या कॉलरवरची लेबलं ब्लेडने उसवली. साबणाची वडी अख्खी कधी नेली नाही. सुरीने बटाट्यासारखा एक काप काढायचे आणि तो औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवायचे. टॉवेल म्हणून एक हातरुमाल, आणि हातरुमाल म्हणून तोच. स्वयंपाकघरातला वजनकाटा त्यांनी केव्हाच आपल्या खोलीत नेला होता, त्यामुळे अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, आजही डाळ-तांदूळ मुठीने मोजते. सायकलला कॅरियर का लावत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कॅरियर लावलं का त्याच्यावर ठेवायले सामान सुचते, साडभाऊ. जागाच ठेवायची नाई." एक लांबट पिशवी सीटच्या मागे, एक चपटी पिशवी दांड्यांच्या मधल्या त्रिकोणात, बस. जड ते मध्ये, हलकं ते मागे, हा त्यांचा नियम. जड वस्तू सीटमागे गेली की सायकलची शेपटी हलायला लागते आणि ती आपलं ऐकत नाही, हे त्यांनी मला पंप हातात धरून इतक्या वेळा समजावलं आहे की मी झोपेतही सांगू शकेन.

अक्का मात्र म्हणायची, "याह्यचं सामान हलकं आहे, कारण ते दुसऱ्याच्या घरी ठेवलेलं आहे." यात तथ्य होतं. कटंगीच्या एका लग्नाला साडभाऊ सायकलने गेले होते. अंगावर काळी तंग अर्धी चड्डी, पिशवीत पंक्चरचं सामान आणि साबणाचा काप. ज्यांच्याकडे उतरले त्यांचा पायजमा, त्यांचाच कुर्ता आणि त्यांचाच कंगवा वापरून ते मांडवात ऐटीत बसले. महिनाभराने लग्नाचा अल्बम आला तेव्हा त्या गृहस्थांनी फोटोवर बोट ठेवून विचारलं, "बाकी सब ठीक है, पन हा माहा कुर्ता कोनाच्या अंगावर आहे?"

असा माणूस आमच्या मुलखात जन्मला ही खरी अडचण. आमच्याकडे पाहुण्याला रिकाम्या हाताने कोणी जाऊ देत नाही. तुम्ही नुसता चहा प्यायला गेलात तरी निघताना तांदळाचं गाठोडं, बड्या म्हणजे डाळीचे वाळवलेले सांडगे, पापड, लोणचं, कोहळ्याची फोड, काहीतरी हातात येतंच. मला कोणाला नाही म्हणता येत नाही. लांजीहून बसने परतताना माझ्या मांडीवर इतकी गाठोडी असतात की कंडक्टर मला अर्धं तिकीट जास्त लावतो की काय, अशी भीती वाटते. साडभाऊ नाही म्हणायचे. हसून, हात जोडून, पण नाहीच. नातेवाईक कुरकुरायचे आणि सोडून द्यायचे.

फक्त लांजीच्या बाईंनी सोडलं नाही. बाई म्हणजे साडभाऊंची सख्खी थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलं. काही वर्षांपूर्वी तिच्या सुनेच्या डोहाळजेवणाला आम्ही सगळे गेलो होतो. निघताना तिने भावाच्या पिशवीत नव्या चिन्नोर तांदळाची पुरचुंडी बळेच कोंबली. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा बारीक, सुगंधी तांदूळ. घरी पिकवला तरी तो रोज शिजत नाही, माणूस पाहून शिजतो. साडभाऊंनी ती पुरचुंडी बाहेर काढली, खिशातला आकड्याचा काटा काढला आणि भरल्या अंगणात, सगळ्या बायांसमोर, तिला लटकवून वजन पाहिलं. मग ती शांतपणे ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "नाई जमत बाई, जास्त होते." त्यांच्या मनात काही नव्हतं. हातात दगड दिला असता तरी त्यांनी तो तसाच तोलला असता. पण बहिणीचं देणं भावाने चारचौघांत तोललं आणि परत ठेवलं, हे बाईला लागलं. त्या वर्षीच्या भाऊबीजेला लांजीहून बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. भाऊबीजेच्या दिवशी साडभाऊ सायकल घेऊन निघायचे, ते भलत्याच दिशेला.

गेल्या दिवाळीत मात्र ते एकदम म्हणाले, "लांजीले जाऊन राह्यलो. भाऊबीजेले."

"बोलावलं काय?" अक्काने विचारलं.

"नाई."

अक्काने मला बाजूला घेतलं. "तुमी संग जा. हे तिथं पुन्हा काही तोलतील, आणि मंग या जन्मात तरी ते दार उघडणार नाई." मी हो म्हणालो. मला सगळ्यालाच हो म्हणायची सवय आहे, आणि हो म्हटल्यावर झोप न लागण्याचीही. रात्रभर मला तेच अंगण दिसत होतं. बाई पुरचुंडी देणार, साडभाऊ नको म्हणणार, आणि या खेपेला ती कायमची शेवटची वेळ. शेवटी पहाटे निघण्याआधी मी गच्चीवर जाऊन बाईंना फोन केला. सांगितलं की साडभाऊ येताहेत, मनापासून येताहेत, एवढं करा की निघताना त्यांना काही देऊ नका. द्यायचा विषयच काढू नका. मग बाई म्हणाली, "बरं. नाई देत." मला इतकं हलकं वाटलं की मी गच्चीवरून खाली जवळजवळ उड्या मारत आलो.

हलकेपणा किरनापूरपर्यंत टिकला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालू होती, थंडी बरी होती, आणि माझ्या जुन्या जाड चाकांच्या सायकलवर मी धापा टाकत मागे होतो. चहाला थांबलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की साडभाऊंची सीटमागची पिशवी आज चांगली फुगलेली आहे. बहिणीसाठी काही नेत असतील म्हणून मी कौतुकाने हात लावला. पिशवी आत दबली. आत नुसती हवा होती.

"रिकामी आहे," साडभाऊ म्हणाले, आणि कपातल्या चहाकडे पाहत राहिले. "मधातलीबी रिकामीच आहे. पंप न् ट्यूब खिशात घेतली. बाई काही ना काही बांधन. या वक्ती जे देईन ते आणतो. काटा घरीच ठेवला."

मी चहा तसाच ठेवला. लघवीचं निमित्त करून टपरीमागे गेलो आणि बाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. भाऊबीजेच्या सकाळी कोणत्या घरातली बाई फोनजवळ बसलेली असते? टपरीवाला मला म्हणाला, "तबियत ठीक नाई काय साहेब? चेहरा उतरला." साडभाऊ तोवर सायकलवर बसलेही होते. तिथेच त्यांना सांगायला हवं होतं. पण त्यांनी कधी नव्हे ती जागा केली होती, आणि ती भरणार नाही याची व्यवस्था मी करून ठेवली होती. हे एखाद्याला चालत्या सायकलवर मागून ओरडून कसं सांगायचं? मी तीन-चारदा "साडभाऊ!" अशी हाक मारली. त्यांनी दर वेळी मान वळवून "काय?" विचारलं, आणि मी दर वेळी म्हणालो, "खड्डा आहे."

बाईंचं घर गावाबाहेर, रस्त्याला लागून, मागे-पुढे शेत. बाई दारातच होती. "आले काय," एवढंच म्हणाली. भावाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. साडभाऊंनी ताटात पाकीट ठेवलं, पाया पडले. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हती. आतून चिन्नोरच्या भाताचा वास येत होता, आणि तो अंगणापर्यंत भरून राहिला होता. जेवायला बसलो. बाई वाढत होती, मी घास मोजत होतो.

"नवा तांदूळ आहे काय?" साडभाऊ.

"हौ."

साडभाऊंनी आणखी एक घास घेतला. "वास मस्त येऊन राह्यला."

"हौ, येते."

आणखी दोन घास. "आमच्याकडे असा भेटत नाई."

"भेटते ना," बाई म्हणाली, "बालाघाटच्या बजारात भेटते."

मी बाईंकडे डोळे मोठे करून पाहिलं. मान हलवली. हाताने ताटाखालून खूण केली, की द्या, द्या. बाईने माझ्याकडे समजुतीने पाहिलं आणि डोळे मिटून आश्वासन दिलं, की काळजी नका करू, नाही देत. माझ्या घशात भात अडकला. तिने पाणी दिलं.

मग ती वेळ आली. साडभाऊ अंगणात सायकलजवळ गेले. त्यांनी सीटमागची पिशवी उघडली, आत पाहिलं, बंद केली. पट्टा ओढला. पट्टा सैल केला. पुन्हा उघडली. चाकांची हवा दाबून पाहिली, जी सकाळपासून ठीक होती. बाई ओट्यावर पदर धरून उभी. ऊन चढत होतं. हा माणूस आता पिशवी बंद करणार, टांग मारणार आणि पुन्हा कधी या दारात येणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

साडभाऊंनी पिशवी बंद केली नाही. तिच्यावर हात ठेवून, बहिणीकडे न पाहता ते म्हणाले, "बाई, काही बांधून देत नाई काय?"

या माणसाने आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. कुर्तासुद्धा त्यांनी न विचारताच घातला होता.

"तुले वजन होते ना, बापू," बाई म्हणाली.

"होते. होऊ दे."

बाईचा हात पदरावरून खाली आला. "मंग हे काहून म्हनत होते सकाळी फोनवर, का देऊ नका म्हनून?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. एकाच वेळी, एकाच नजरेनं. तेव्हा मला कळलं की ती भावंडं किती सारखी दिसतात.

"तुमी फोन केल्ता?" साडभाऊ म्हणाले. "म्हनून सकाळपासून खड्डे दिसून राह्यले तुमाले! तुमाले कोनं सांगतलं भावाबहिनीच्या मधात पडायले?"

"तेच तं," बाई म्हणाली. "मी दर भाऊबीजेले पहाटे उठून, तू आलाच तं म्हनून, पुरचुंडी बांधते, न् आज याह्यच्या फोननं सोडली. पुन्हा कणगीत टाकली. कोनी करते काय असं?"

"याह्यले काही समजतच नाई, बाई. घरीबी असंच."

"चेहऱ्यावरूनच दिसते."

मी मान खाली घालून उभा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा अपराधी असताना मला बरं वाटत होतं. बोलता बोलता बाई आत गेली होती, आणि ती बाहेर आली तेव्हा हात भरलेले होते. चिन्नोरची मोठी पुरचुंडी. मग बड्या. पापड. नारळ. शेवटी लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी.

"काचेची काहून—" साडभाऊंच्या तोंडून निघून गेलं. बाई थांबली. "नाई, बरोबर आहे," ते घाईने म्हणाले, "काचेतच चांगलं राह्यते."

नारळ मधल्या पिशवीत गेला, पापड शर्टाच्या आत, बरणी सायकलवाल्यांच्या शर्टाला पाठीवर असतो त्या खिशात. तांदूळ मध्ये मावेना. शेवटी तो सीटमागेच ठेवावा लागला, जिथे जड वस्तू कधीच ठेवू नये. "आणा, थोडं माझ्याकडे द्या," मी म्हणालो. "हात नका लावू," ते म्हणाले.

आम्ही निघालो. साडभाऊंच्या सायकलची शेपटी डावी-उजवीकडे हलत होती. दोन्ही हातांनी हॅन्डल घट्ट धरून, मान ताठ ठेवून ते नांगर धरल्यासारखे पुढे बघत होते. मान वळवली असती तर सायकल गेलीच असती. एरवी ज्यांना गाठायला मी जीव काढतो, त्यांच्या बाजूने मी आरामात चालवत होतो.

"मांगं पाहा बरं," ते समोर पाहतच म्हणाले. "उभी आहे काय?"

मी वळून पाहिलं. बाई रस्त्यावर आली होती, कपाळावर हात धरून. "हौ," मी म्हणालो.

थोडं पुढे रस्ता वळला. घर झाडांमागे गेलं, मग झाडंही गेली. मागे नुसतं कापलेलं शेत आणि धानाचे भारे राहिले.

"आता?"

मी वळलो. बराच वेळ पाहिलं.

"आहे," मी म्हणालो. "उभी आहे अजून."

साडभाऊंनी वेग आणखी कमी केला. मी आयुष्यात जे काही खोटं बोललो त्यातलं प्रत्येक मला छळतं. हे एक नाही छळत.