वाकलेला रॅक

कशेळीच्या गोदामात नागसेन बरीच वर्षं पॅकिंगवर होता. शिफ्ट इन्चार्ज झाला आणि त्यानं सगळ्यांबरोबर डबा खाणं सोडलं. हाताखालच्यांशी सलगी ठेवली की ते डोक्यावर बसतात, असं त्याचं मत. कालपर्यंत 'नाग्या' म्हणणारे 'सर' म्हणू लागले. तो आला की गप्पा थांबत. याला तो वचक समजे.

एका दुपारी मिक्सरच्या खोक्यांनी भरलेला रॅक कलंडला. खाली राहीबाई होती, अकलोलीहून रोज एसटीनं येणारी, त्याला कधीकाळी पॅकिंग शिकवणारी बाई. खोकी उपसून तिला बाहेर काढलं तेव्हा तिचा घोटा मोडला होता.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला.

"त्या रॅकचा पाय वाकलेला हाय, सगळ्यांना ठावं होतं," राहीबाई म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला? पॅकिंगवरच्या सुकन्यानं खोकं फुटल्याचं सांगितलं, तर तू तिलाच मेमो दिलास. मग कोण सांगल रं?"

नागसेननं तिच्या पायाखालची उशी सरळ केली. मग तो निघाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुकन्याचा मेमो मागं घेतला, तोही सगळ्यांसमोर. मग विचारलं, "आणखी कुठं काय मोडलंय?" कुणी तोंड उघडलं नाही. पुढचे काही दिवस तो रोज विचारत राहिला, जेवायलाही त्यांच्यातच बसू लागला. शेजारचे सरकून बसायचे, पण तो उठला नाही.

शेवटी फोर्कलिफ्ट चालवणारा दीपेश एकटा त्याच्याकडे आला. "सर, रॅकचा पाय माझ्याच गाडीच्या धक्क्यानं वाकला होता. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही."

नागसेनचा संताप उसळला. राहीबाईचा पाय डोळ्यांसमोर आला. तो बाहेर जाऊन उभा राहिला, आणि मग दीपेशला घेऊनच गोदामाच्या मॅनेजर मृणाली मॅडमकडे गेला.

"याला आजच काढा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, शिक्षा द्या. गाडीवरून उतरवा. पण हा स्वतःहून बोललाय. याला काढलात तर उद्या दुसरा रॅक पडेपर्यंत आपल्याला काही कळणार नाही. आणि गप्प बसायची सवय मी लावलीय, तेही लिहून घ्या."

दीपेश राहिला. काही महिने तो हमालीवर होता. नागसेनची बढती मात्र त्या वर्षी अडली.

आता गोदामात दार अडकलं, रॅकची पट्टी सैल झाली, की त्याला लगेच हाक येते. काही वेळा या हाकांचा त्याला वैतागही येतो. 'सर' हे नाव काही सुटलं नाही.

राहीबाई किंचित लंगडत कामावर परतली, लेबलच्या टेबलावर. लेकीच्या हळदीला तिनं सगळ्यांना बोलावलं, त्यालाही. तो गेला, मंडपात दीपेशशेजारी बसून जेवला आणि शिफ्टच्या वेळेला परत आला.