रावण काही मरेना!

साल विचारू नका, ते मला आठवत नाही. दसरा होता, एवढं नक्की. होता ना? होता, होता! लोकांच्या हातात आपट्याची पानं होती. माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नाही, पण त्या दुपारी मी जी फजिती करून घेतली, ती एकेका बाणासकट डोळ्यांसमोर आहे.

निवृत्तीनंतर सणाला आंबवड्याला पुतण्याकडे गेलो होतो. तिथं दसऱ्याला देवळासमोर राम-रावण युद्ध करतात. रावण पडल्याशिवाय कुणी कुणाला सोनं देत नाही. आणि नेमकी नेहमीच्या रावणाची कंबर धरली!

सगळा कारभार बबनतात्यांकडे. ते थेट माझ्याकडे आले.

"सर, रावण व्हायचं."

"मी? अहो, माझं वजन एक्कावन्न किलो!"

"वजन काय करायचंय? रावण लई शिकलेला व्हता. हितं दुसरं कोन हाय तसलं?"

हा सन्मान होता की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

राम होता दत्ता, दुधाचा टेम्पो चालवणारा. त्याची गोष्ट वेगळीच. त्याला बघायला वेल्ह्याहून पाहुणे येणार होते, मुलीला घेऊन! आधीची दोन स्थळं मोडलेली. मुलीच्या वडिलांचा निरोप होता, "पोरगा चारचौघांत कसा दिसतो ते बघू, मग बोलू." दत्ता मला म्हणाला, "सर, माझी लाज तुमच्या हातात हाय. टायमात मरा."

आदल्या दिवशी तालीम झाली. मरताना फोडायची लाल पाण्याची पिशवी मी छातीवर बांधली. तात्या ओरडले, "सर, हितं कुठं? बेंबीत बांधा! रावणाचा जीव बेंबीत. अमृत हाय तिथं!"

"तात्या, मूळ संस्कृत ग्रंथात बाण हृदयात लागतो," मी म्हणालो. जोरात म्हणालो! का नाही म्हणणार? त्याच महाकाव्यावर मी सात वर्षं घालवून पीएचडी केली होती.

"आमची आज्जी बेंबीच सांगायची," तात्या म्हणाले. मागून सगळी वानरसेना ओरडली, "बेंबीच!"

झालं! माझ्या मनात किडा वळवळायला लागला. इतकी माणसं म्हणतात म्हणजे बेंबीच असेल का? मी हृदय कुठं वाचलं होतं? वाचलं तरी होतं का? माझा प्रबंध पुण्यात माळ्यावर, आणि इथं मोबाईलला रेंज नाही. शेवटी दसऱ्याच्या सकाळी मी मुकाट्यानं पिशवी बेंबीवर बांधली. कुणाला बोललो नाही. हार मानली हे सांगायचं कसं?

पण दत्तानंही रात्रीत विचार बदलला होता, हे मला काय ठाऊक! त्यानं ठरवलं, सर एवढे शिकलेले, त्यांचा मान राखायचा. बाण छातीतच मारायचा!

पटांगण भरलं. पाहुणे पहिल्या रांगेत. मी नऊ पुठ्ठ्याची आणि एक स्वतःचं डोकं सांभाळत उभा. दत्तानं टोकाला चिंध्यांचा बोळा बांधलेला बाण सोडला. थाड! छातीत.

मी मरेना. कसा मरणार? पिशवी खाली!

दुसरा बाण. छातीत. तिसरा. छातीत! दत्ताला घाम फुटला. मुलीचे वडील घड्याळ बघायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "दत्त्या, टेम्पो घाल अंगावर!"

बोलून सांगावं, तर माईक माझ्या गळ्यात. म्हणून मी डोळे मोठे करून पोटाकडे बोट दाखवलं. पुन्हा दाखवलं. दोन्ही हातांनी दाखवलं!

तात्यांनी स्पीकरवरून पुकारलं, "युद्ध थांबवा! सरांच्या पोटात दुखतंय. ओवा आणा कुणीतरी!"

हनुमान ओवा घेऊन धावत आला. शत्रूच्या हातून रणांगणावर ओवा खाणारा रावण तुम्ही कुठं पाहिलाय? मी खाल्ला. नाही म्हणायचं धाडस मला कधी झालंय? दत्ताचा चेहरा रडवेला झाला. पाहुण्यांनी पायात चपला सरकवल्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून ती मुलगीच उठली, सुवर्णा.

"अवो, पोटात दुखत न्हाई त्यांच्या! बेंबी दाखवत्यात ते. बेंबीत मारा की!"

"अवो" ऐकून सगळं पटांगण शिट्ट्यांनी दणाणलं. लग्नाआधीच अवो! दत्ता लाजला, पण नेम चुकला नाही. पिशवी फुटली आणि मी असा कोसळलो की पाच डोकी सुटून पाहुण्यांच्या पायाशी गेली.

मुलीच्या वडिलांनी त्यातलं एक उचललं, झटकलं आणि तात्यांना म्हणाले, "नेम पोरगी सांगती, बाण पोरगा मारतो. आता आमी काय बघायचं राह्यलं?"

सोनं वाटतानाच लग्न ठरलं. दर दसऱ्याला दोघं सोनं द्यायला येतात. सुवर्णा हटकून विचारते, "काय सर, बेंबीच ना?" आणि मी मान डोलावतो.

परवा घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा प्रबंध सापडला. इतक्या वर्षांनी भीत भीत ते पान काढलं. लिहिलं होतं: हृदय. आणि समासात, तांबड्या शाईत, माझ्याच अक्षरात: "याबद्दल शंका नको."